आगरकरांची शाळा आणि आपली संस्था

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच आधी मनात आले. पावसाळ्यात गळणारे कौलारू वर्ग, मोहफुले वेचायच्या दिवसांत रिकामी होत जाणारी मागची बाके, वैनगंगेला पूर आला की पलीकडच्या मुलांची आपोआप होणारी सुट्टी. पण या आठवणी इतर बॅचचे मित्र लिहितीलच. मी दुसरा विषय घेतला, त्याला कारण आहे. मेळाव्याच्या निमंत्रणासोबत संस्थेचे एक आवाहन आले आहे. कार्यकारी मंडळातील जुनी मंडळी थकली आहेत, माजी विद्यार्थ्यांनी आता जबाबदारी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. आपल्यापैकी काही जण पुढे येतील, यावेही. त्यांनी नाव देण्याआधी गोपाळ गणेश आगरकरांचे आयुष्य एकदा नजरेखालून घालावे, एवढ्यासाठी हा लेख.

आगरकर आपल्याला पाठ्यपुस्तकातून समाजसुधारक म्हणून माहीत आहेत. बालविवाह, केशवपन, अस्पृश्यता यांवर त्यांनी केलेले घाव आपण परीक्षेपुरते पाठ केले. पण त्यांचा सगळा नोकरीचा काळ एका खाजगी शाळेत आणि तिच्यातून निघालेल्या कॉलेजात गेला, आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मैत्री त्या शाळेच्या कारभारावरून तुटली, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. कराडला कचेरीत उमेदवारी केली, कंपाउंडरचे काम केले, पुढे शिक्षणाच्या ओढीने रत्नागिरीपर्यंत पायी गेले. तिथेही जमले नाही. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्याला आले. म्हणजे ज्या विदर्भाने त्यांना मॅट्रिकपर्यंत पोचवले, तो आपलाच. अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक त्यांना लाभले. १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट त्याच दिवसांतली.

डेक्कन कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. दोघेही हुशार, दोघेही वाद घालणारे. कॉलेजच्या टेकडीवर रात्री उशिरापर्यंत बोलत बसून त्यांनी ठरवले की सरकारी नोकरी करायची नाही, आपल्या लोकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवायचे. त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला चांगल्या पगाराची जागा सहज मिळे. गरिबीतून वर आलेल्या मुलाकडे आईचे डोळे लागलेले असणे स्वाभाविक होते. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराची आशा ठेवू नका, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ मी लोकांसाठी देणार आहे. आपल्याकडे घरातला पहिला पदवीधर झालेल्या कोणालाही या पत्राची किंमत कळेल.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून पुण्यात आले होते. त्यांनी आणि टिळकांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. महादेव बल्लाळ नामजोशी आणि संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले. आगरकर एम.ए.ची परीक्षा देऊन १८८१ च्या आरंभी शाळेत रुजू झाले. त्याच जानेवारीत याच मंडळींनी मराठा आणि केसरी ही पत्रे काढली. केसरीचे पहिले संपादक आगरकर.

१८८२ हे वर्ष शाळेच्या परीक्षेचे ठरले. मार्चमध्ये चिपळूणकर अचानक वारले. जुलैमध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या लेखनावरून टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि दोघेही मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशेएक दिवसांनी सुटले. एक संस्थापक गेलेला, दोन शिक्षक तुरुंगात, अशा स्थितीत आपटे आणि इतरांनी शाळा चालू ठेवली. त्याच सुमारास डॉ. हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग देशभर फिरत होता. हंटर स्वतः शाळा पाहून गेले आणि त्यांनी तिची मनापासून वाखाणणी केली. खाजगी प्रयत्नांतून निघालेल्या शाळांना सरकारने अनुदान देऊन वाढू द्यावे, हा विचार त्या आयोगाने पुढे मांडला. आज चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या आपल्या अनुदानित शाळा ज्या पद्धतीवर उभ्या आहेत, तिला त्या काळात असे बळ मिळाले.

चार-पाच मित्रांच्या जिवावर चाललेली शाळा एखाद्या मृत्यूने किंवा एका खटल्याने बंद पडू शकते, हे त्या वर्षाने त्यांना दाखवले असावे. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि शाळा तिच्या स्वाधीन केली. २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आपटे पहिले प्राचार्य झाले. आगरकर इतिहास, तर्कशास्त्र असे विषय शिकवू लागले.

या सोसायटीच्या घटनेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि धारप असे सात जण आरंभीचे आजीव सभासद होते. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करायची शपथ घ्यायची. पगार सगळ्यांना सारखा, पुढे तो महिना ७५ रुपयांच्या आसपास स्थिरावला. शिकवणे, वर्गांची वाटणी, शिक्षकांची कामे हा रोजचा कारभार आजीव सभासदांच्या मंडळाने पाहायचा. त्यांच्यावर नियामक मंडळ, ज्यात आजीव सभासदांबरोबर देणगीदार आणि हितचिंतकांचे प्रतिनिधीही असत. म्हणजे शिकवणारे कारभारात होते, आणि शिकवणाऱ्यांवर बाहेरच्यांची नजरही होती. संस्था कोणाच्या घरची नव्हती. वीस वर्षे राबलेल्या माणसालाही ती मुलाच्या नावे करता येणार नव्हती.

इतके करूनही भांडण झाले. ते का झाले, हे कारभारात पडणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे.

टिळक आणि आगरकर यांच्यातला सामाजिक सुधारणेविषयीचा मतभेद सर्वांना ठाऊक आहे. त्यापायी आगरकरांनी १८८७ मध्ये केसरीचे संपादकपद सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ ला आपले सुधारक पत्र काढले. त्यांच्या जोडीला तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखले १८८५ पासून शाळेत शिकवत होते आणि पुढच्या वर्षी आजीव सभासद झाले होते. पण शाळेतला वाद निराळा होता आणि तो साध्या, रोजच्या प्रश्नांवरचा होता. आजीव सभासदाने पगाराव्यतिरिक्त मिळकत करावी की नाही? बाहेरची कामे घ्यावीत की नाही? पगार वाढवावा का? अडचणीतल्या सभासदाला संस्थेच्या पैशातून मदत द्यावी का?

टिळकांचे म्हणणे असे की आपण जन्म वाहून घेतला आहे, तर सगळा वेळ संस्थेचा. पगारात भागवावे, बाहेरची कमाई करू नये. आगरकरांची बाजू अशी की माणसाला संसार आहे, आजारपण आहे, आणि संस्थेचे काम चोख करून उरलेल्या वेळात तो काय करतो यात संस्थेने पडू नये. आगरकरांना दम्याचा विकार होता, घरात मुलेबाळे होती. टिळक स्वतः वृत्तपत्रे पाहत, हे विरोधकांनी दाखवले. उलट आपट्यांचे कोश आणि संस्कृतची पुस्तके, आगरकरांची वाक्यमीमांसा, गोखल्यांचे अंकगणित ही शाळेबाहेरची कामेच होती. सगळ्यांचेच हात कुठे ना कुठे बाहेर गुंतलेले होते. आणि मूळ नियमांत या गोष्टीची रेघ स्पष्ट आखलेली नव्हती. ध्येय सर्वांचे एक आहे, मग वेगळा नियम कशाला, असे आरंभी वाटले असावे. मित्रांनी काढलेल्या संस्थेत असे वाटतेच.

१८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले आणि वाद टोकाला गेला. मंडळाच्या सभेत टिळक अल्पमतात होते. त्यांनी सोसायटीचा राजीनामा दिला आणि वर्षअखेरीस त्यामागची सगळी हकीकत सविस्तर लिहून दिली. तो मजकूर आज वाचायला मिळतो. त्यात राग आहे, पण तारखा, ठराव आणि कारणेही आहेत. ज्या टेकडीवरच्या बोलण्यातून ही शाळा निघाली, त्या बोलण्यातले दोघे आता एका मंडळात बसू शकत नव्हते.

आता यापुढचे पाहा. टिळकांनी आपल्या गटाला घेऊन दुसरी सोसायटी उभी केली नाही. शाळेच्या नावावर, इमारतीवर, शिक्क्यावर हक्क सांगितला नाही. आगरकरांच्या बाजूचे लोक बहुमतात होते म्हणून त्यांनी टिळकांच्या विद्यार्थ्यांना किंवा मित्रांना त्रास दिला, असेही झाले नाही. टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. त्यांची जागा रिकामी झाली, तेव्हा गोखल्यांनी धोंडो केशव कर्वे यांना मुंबईहून बोलावून घेतले आणि १८९१ मध्ये ते गणित शिकवायला रुजू झाले. लवकरच तेही आजीव सभासद झाले. १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. समाजाचा रोष झाला, पण कॉलेजातली त्यांची जागा कायम राहिली. १९१४ पर्यंत ते तिथे शिकवत होते. पुढे महर्षी कर्वे म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते टिळकांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आले होते.

ऑगस्ट १८९२ मध्ये आपटे अकाली वारले आणि आगरकर प्राचार्य झाले. सुधारकातल्या लेखांमुळे पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली गेली होती. असा माणूस कॉलेजचा प्राचार्य असणे संस्थेला पैशाच्या दृष्टीने अवघडच होते. देणगीदार बिचकणार, पालक कुरकुरणार. तरीही मंडळाने त्यांना जबाबदारी दिली आणि ती काढून घेतली नाही. आगरकरांनीही आपली मते वर्गात लादली नाहीत, कॉलेजचे व्यासपीठ सुधारकासाठी वापरले नाही. शिकवणे, कॉलेजचा कारभार आणि रात्री लेखन असा त्यांचा दिवस असे. दमा वाढत गेला.

१७ जून १८९५ रोजी ते गेले. वय चाळीसही झाले नव्हते. अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. टिळकांनी केसरीत त्यांच्यावर लेख लिहिला. तो लिहिताना त्यांना रडू आवरेना, अशीही आठवण सांगितली जाते.

प्राचार्यपद महादेव शिवराम गोळे यांच्याकडे आले. गोखले जवळजवळ वीस वर्षांची सेवा पुरी करून १९०२ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी रँग्लर परांजपे प्राचार्य झाले. पंधरा वर्षांत चिपळूणकर, आपटे आणि आगरकर मृत्यूने गेले, टिळक राजीनामा देऊन गेले. शाळा आणि कॉलेज एक दिवस बंद पडले नाही.

मी हे इतक्या तपशिलाने का लिहिले, ते आता सांगतो. बरीच वर्षे झाली, मी एका शिक्षणसंस्थेच्या मंडळावर सभासद होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, ती आपली नव्हे. मंडळात माणसे भली होती. सभेला चहा-पोहे असत, इतिवृत्त नंतर लिहिले जाई, सह्या घरी जाऊन घेतल्या जात. मीही अशा सह्या केल्या. न वाचता केल्या. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोण, यावरून दोन गट पडले. दोन सचिव झाले, दोन शिक्के झाले, दोन मुख्याध्यापकांचे दोन प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात गेले. सहीचे अधिकार कोणाला, हा वाद सुरू झाला. धर्मादाय कार्यालयात दोन्ही गटांचे चेंज रिपोर्ट पडून राहिले. शिक्षकांच्या मान्यता अडल्या, कौलांची दुरुस्ती अडली, आणि दोन वर्षांत पटसंख्या घसरली. मुले जवळच्या गावात, नाहीतर तालुक्याला गेली. ज्यांना तालुक्याचे भाडे परवडले नाही, त्यांतल्या काहींची शाळा सुटली. जंगलातल्या गावात एक शाळा बिघडली की पर्याय पंधरा-वीस किलोमीटरवर असतो, हे शहरातल्या माणसाला सांगूनही कळत नाही. त्या सभांमध्ये मी गप्प बसलो होतो. भांडण कशाला, असे म्हणून गप्प बसलो.

आगरकर आणि टिळक गप्प बसले नाहीत. भांडले, सभेत भांडले, मतदान झाले, हरलेल्याने कारणे लिहून देऊन वाट धरली. त्यामुळे भांडण दोन माणसांचे राहिले, शाळेच्या वर्गापर्यंत पोचले नाही.

आपल्या राज्यात यासाठी कायदे आहेत. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे खाजगी शाळेला शाळा समिती असते. तीत व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींबरोबर मुख्याध्यापक आणि सेवाज्येष्ठतेने येणारा शिक्षक असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत पालकांची तीन चतुर्थांश संख्या असलेली शाळा व्यवस्थापन समिती आणली, तीत निम्म्या स्त्रिया. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचे असते. या तिन्ही गोष्टी रजिस्टरमध्ये असतात. सभेत त्या उमटतात का, हे मंडळावर जाणाऱ्याने पाहायचे. ज्येष्ठ शिक्षक सभेत बोलतो का? तेंदूपत्त्याला जाणारी आई समितीत नावापुरती आहे की तिला सोयीची वेळ विचारून सभा ठेवली जाते?

माजी विद्यार्थी म्हणून आपल्याला आणखी एक जपायचे आहे. आपल्यातला कोणी कंत्राटदार आहे, कोणाचे पुस्तकांचे दुकान आहे, कोणाची सून किंवा भाचा डी.एड., बी.एड. होऊन बसला आहे. यात गैर काही नाही. पण शाळेचे बांधकाम, गणवेश, नेमणूक असा विषय आला की त्या सभासदाने उठून बाहेर बसावे आणि तसे इतिवृत्तात लिहावे, हा नियम आधीच करून ठेवावा. पुण्याच्या त्या मंडळींचा वाद नेमका अशाच न आखलेल्या रेघेवरून वाढला, आणि ती माणसे आपल्यापेक्षा कमी निःस्वार्थी नव्हती. मुदतही ठरवावी. पाच वर्षांनी काही जागा रिकाम्या व्हाव्यात आणि त्या भरायला कर्व्यांसारखा नवा माणूस वेळीच शोधून ठेवावा. जुनी मंडळी थकल्यावर आवाहन काढावे लागते, याचा अर्थ आपण उशीर केला आहे.

आपल्या भागात लोकमान्यांचे नाव घेतलेल्या शाळा आहेत, त्यांच्या तसबिरी तर जवळपास प्रत्येक शाळेच्या कार्यालयात आहेत. आगरकरांची तसबीर क्वचित दिसते. दोन्ही शेजारी लावल्या तर बरे होईल, कारण एकाच शाळेसाठी दोघांनीही आयुष्याची उमेदीची वर्षे दिली होती.

मेळाव्याच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. मंडळासाठी नावे मागवण्याआधी, जेवणाच्या सुट्टीपूर्वी, सभागृहात संस्थेची घटना मोठ्याने वाचून दाखवावी. वीस मिनिटे लागतील. मी या शाळेत दहा वर्षे काढली, पण ती कधी ऐकलेली नाही. तुमच्यापैकीही बहुतेकांनी ऐकली नसेल. ती ऐकून झाल्यावर ज्यांना हात वर करायचा त्यांनी करावा. मी करणार आहे, आणि या वेळी वाचून सही करणार आहे.